अपिलाची मुदत गेली म्हणून घरी बसू नका

प्रश्न (कराड) : चेक बाउन्सच्या केसमध्ये भावाला मॅजिस्ट्रेट कोर्टानं सहा महिने दिलेत. निकालाला महिना उलटून गेला, आता अपील होतंय का?

होतंय. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सेशन कोर्टात जायला 30 दिवस असतात, पण आधी निकालाच्या नकलेवरचा शिक्का नीट बघा, नकलेचा अर्ज कधी दिला आणि नक्कल तयार कधी झाली ते त्यात असतं, ते मधले दिवस आणि निकालाचा दिवस मुदतीत धरत नाहीत, त्यामुळं कधी कधी उशीर वाटतो तेवढा नसतोच. नक्कल तयार होऊन पडून राहिली ते दिवस मात्र तुमच्या अंगावर. बाकी उशिरासाठी लिमिटेशन अॅक्टच्या (मुदतीच्या कायद्याच्या) कलम 5 खाली विलंब माफीचा अर्ज अपिलासोबतच द्या. कारण खरं लिहा, आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद जोडा, नुसतं 'वकिलांनी कळवलं नाही' म्हणून भागत नाही. आणि भाऊ जामिनावर असेल तर जास्तच घाई करा, शिक्षेला स्थगिती मिळाली असली तरी ती अपिलाच्या मुदतीपुरतीच असते, पुढं वॉरंट निघू शकतं. वरचं कोर्ट दंड किंवा भरपाईच्या निदान 20 टक्के भरायला सांगू शकतं, तेवढी सोय बघून ठेवा.

प्रश्न (विटा) : मुलाला सेशन कोर्टानं सात वर्षं दिली, तो कोल्हापूरच्या कळंबा जेलमध्ये आहे. वकिलाला पैसे नव्हते, त्यात चार महिने गेले.

ताई, पैशापायी अपील अडता कामा नये, मला याचंच फार वाईट वाटतं. सेशनच्या शिक्षेवर हायकोर्टात 60 दिवसांत जायचं असतं, ते गेले तरी मुलानं जेल अधीक्षकांकडंच अपिलाचा अर्ज द्यावा, ते पुढं कोर्टात पाठवतात, उशिराचं कारणही त्यातच लिहायचं. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तुम्ही सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 या कायदेशीर मदतीच्या नंबरला फोन लावा. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, मुंबईला खेटे घालायला नकोत.

प्रश्न (वाई) : मारहाणीतला आरोपी मॅजिस्ट्रेट कोर्टातनं सुटला, सरकार अपील करणार नाही म्हणतंय. मी जखमी, मी करू शकतो का?

करू शकता, सेशनला, आणि पीडिताला त्यासाठी वेगळी परवानगीही लागत नाही. सरकारची वाट बघत मात्र बसू नका. 30 दिवसांच्या आतच दाखल करायचं बघा, नकलेला आजच अर्ज टाका.