परमिट काढून केलेली ट्रॉफी हंटिंग (प्राणी मारून त्याचं शिंग, डोकं असं काही आठवण म्हणून घरी नेणं) म्हणजे सगळं कायदेशीरच असतं ना?

नाही, आणि साउथ आफ्रिकेतली गेंड्यांची केस बघितलीत तर कळेल की परमिटच कसं वापरून घेतलं. तिथे पांढऱ्या गेंड्याची शिकार परमिटवर करता येते आणि शिंग ट्रॉफी म्हणून घरी नेता येतं, पण विकता येत नाही. मग शिंगांचा धंदा करणाऱ्यांनी काय केलं, तर तिथेच राहणाऱ्या थाई बायकांना पैसे देऊन शिकारी म्हणून कागदावर दाखवलं. गोळी मारणार दुसराच, ही बाई नुसती मेलेल्या गेंड्याशेजारी उभी राहून फोटो काढणार, आणि शिंग तिच्या नावाने एक्स्पोर्ट. म्हणजे कागद सगळे खरे आणि शिकारीच खोटा! २०१२ मध्ये यातल्या एका मुख्य माणसाला ४० वर्षांची शिक्षा झाली, पण अपिलात कमी होत होत १३ वर आली, ज्याची मला खरंच चीड येते. व्हिएतनामी लोकांच्या नावावर पण असंच चाललेलं, शेवटी त्याच वर्षी सरकारने त्यांना परमिट देणंच थांबवलं.

तिथल्या सिंहांचं तर अजून वाईट आहे, बछडे आईपासून लवकर काढतात, टुरिस्टना कुरवाळायला देतात, काही ठिकाणी तर बाहेरून आलेले व्हॉलंटियर स्वतः पैसे भरून त्यांना बाटलीने दूध पाजतात कारण सांगितलेलं असतं की हे अनाथ आहेत, मोठे झाले की जंगलात सोडणार. पण माणसाला सरावलेला सिंह जंगलात सोडत नाहीत, त्यातले बरेच कुंपणातल्या शिकारीसाठी विकले जातात.