फोटोचे कोपरे गोल करायचेत? फोटोशॉप उघडू नकोस

साताऱ्यातल्या कंदी पेढ्यांच्या दुकानाची साइट पहिलं काम म्हणून उत्तम आहे. फोटो चौकोनीच ठेव आणि सीएसएसमध्ये (साइट कशी दिसावी हे सांगणारी भाषा) इमेजला बॉर्डर-रेडियस, म्हणजे कोपऱ्यांची गोलाई, १२ पिक्सेल दे. कड ब्राउझरच गुळगुळीत काढतो. उद्या मालकांना गोलाई कमी हवी झाली तर एक आकडा बदलायचा, सगळे फोटो पुन्हा कापत बसायचं नाही.

सुरुवातीला हमखास चुकतं ते हे:

- कोपरे कापून जेपीजीत सेव्ह करणं. जेपीजीत पारदर्शकता नसते, म्हणून केशरी पार्श्वभूमीवर कोपऱ्यांत पांढरे तुकडे दिसतात. कापायचंच असेल तर पीएनजी घे. जीआयएफ अजिबात नको: त्यात पिक्सेल एकतर पूर्ण दिसतो नाहीतर पूर्ण गायब, मधलं काही नाही, त्यामुळे कड करवतीसारखी दातेरी होते.
- गोलाई बाहेरच्या डिव्हला, म्हणजे फोटो ज्या चौकटीत ठेवलाय तिला, देणं. आतल्या फोटोचे कोपरे टोकदारच राहतात. त्या डिव्हला ओव्हरफ्लो हिडन लाव, म्हणजे बाहेर जाणारा भाग झाकला जातो.
- आडव्या फोटोला ५० टक्के गोलाई देणं. वर्तुळाऐवजी लंबगोल मिळतो. आधी रुंदी-उंची सारखी कर, सोबत ऑब्जेक्ट-फिट कव्हर लाव, म्हणजे फोटो न दबता, कडा कापून जागा भरतो. नाहीतर पेढे दाबल्यासारखे दिसतील.

सावल्या आणि बॉर्डर नंतर बघू. आधी एका फोटोवर हे जमव आणि मोबाइलवर उघडून बघ.