आई फोन उचलत नाही तेव्हा

डब्लिनहून एका ताईंचं पत्र आलंय. माहेर औसा तालुक्यातलं. वडील गेल्यापासून आई गावी एकटीच, सत्तरीच्या पुढं. ताईंची तक्रार अशी की, आईला मोबाइलचं वेड लागलंय. दिवसभर फोन हातात, रात्री उशाशी, संध्याकाळी हरिपाठाला जायची तेही सोडलं. तिला कसं समजवायचं?

ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की, जेवणाच्या सुट्टीत, दीड वाजता, रोज आईला व्हिडिओ कॉल करता. मी तिथंच अडकले. उन्हाळ्यात तुमचा दीड म्हणजे इथले सहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तुमच्याकडं घड्याळं तासभर मागं जातात आणि त्याच दीडला इथं सात वाजलेले असतात. सात म्हणजे मारुतीच्या देवळात टाळ वाजायची वेळ. घड्याळ सरकलं हे आईला कुणी सांगितलं का? त्या आपल्या सहापासून फोन मांडीवर घेऊन बसतात, सातला तुम्ही दिसता, हरिपाठ राहतो तो राहतोच. वेड नेमकं कुणाचं, ते तुम्हीच बघा.

हिवाळ्यात फोन साडेबाराला करा, इथं सहाच वाजलेले असतील. सुट्टी बदलून मिळत नसेल तर रोजचा फोन सोडा आणि आठवड्यातले तीन वार ठरवून घ्या. पहिले आठ दिवस आई रुसतील. रुसू द्या.

दुसरं, ते ‘लास्ट सीन’ बघणं. रात्री दहानंतर आई ऑनलाइन दिसल्या की तुम्ही चिडता, आणि सकाळी उठून, म्हणजे इथं दुपार व्हायला आलेली असते, कालचीच वेळ दिसली की तुमचा जीव थाऱ्यावर राहत नाही. मग शेजारच्या काकूंना पळवता. अहो, लाइट नसते, चार्जिंग संपतं, फोन घरात आणि बाई गोठ्यात असते. एक साधा बटनांचा फोन घेऊन द्या, चार्जिंग दोन-चार दिवस सहज पुरतं. आणि शेजारचे तीन नंबर कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून देवघराजवळ चिकटवायला सांगा. तुमचाही. माझं सांगते, मागं एका लग्नात माझा फोन हौदात पडला. घरी कळवायचं तर एकही नंबर आठवेना. आठवला तो फक्त माहेरच्या जुन्या लँडलाइनचा, जो कापून कितीतरी वर्षं झाली.

बँकेचं मात्र आधी निस्तरा. आईच्या खात्याला तुम्ही स्वतःचा नंबर जोडलाय, “तिला ओटीपी कळत नाही” म्हणून. म्हणजे आई औशात बँकेच्या खिडकीशी उभ्या, ओटीपी डब्लिनला, आणि तुम्ही मीटिंगमध्ये. खात्याला त्यांचाच नंबर जोडा, आणि दोन गोष्टी पाठ करून घ्या. फोनवर ओटीपी मागणारा माणूस बँकेचा नसतो. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. ‘डिजिटल अरेस्ट’ असं कायद्यात काहीच नाही. तरी पैसे गेलेच, तर लाजत न बसता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. आपल्याकडची म्हातारी माणसं पैशापेक्षा “लेकरं काय म्हणतील” याला जास्त भितात, तेव्हा रागावणार नाही हेही आधीच सांगून ठेवा.

राहिला तुमचा मुलगा, जो फोन सोडत नाही आणि आजीशी धड बोलत नाही. उमरगा तालुक्यातल्या जकेकुरवाडीनं २०२२ मध्ये ठरवलं की, संध्याकाळी सहा ते आठ टीव्ही आणि मोबाइल बंद, लेकरांनी अभ्यास करायचा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं बघून. तिथं वेळ झाली की भोंगा वाजायचा, तो अख्ख्या गावासाठी. तुमच्या घरी भोंगा नाही, आणि लेकराला फोन ठेव म्हणताना तुमच्या हातात कामाचा मेल उघडा असतो, हे तुम्हीच लिहिलंय. आजीसमोर त्याला “नमस्कार कर” म्हणून उभं करता, तो कोपऱ्यातल्या चौकटीत स्वतःचंच तोंड बघतो आणि पळतो. चित्र बंद करून नुसता आवाजाचा फोन लावून द्या, आणि विचारायला काहीतरी हातात द्या. ज्वारीच्या पिठाची आंबील आंबायला किती वेळ लागतो, एवढंही पुरे. आजी अर्धा तास सोडणार नाहीत.

आंबिलीवरून आठवलं. गेल्या येळवसला, म्हणजे वेळा अमावास्येच्या शेतातल्या पूजेला, तुम्ही आईला शेतातून सगळं दाखवायला लावलंत: कडब्याची खोप, दगडांचे पांडव, भाज्या-डाळींच्या भज्जीचं पातेलं, उंडे, पंगत. “खूप छान वाटलं,” असं लिहिलंय. तुम्हाला वाटलं असेल. पण मोबाइल धरलेल्या बाईनं पूजा कोणत्या हातानं केली आणि जेवल्या कधी? यंदा त्या दिवशी फोन करू नका. दुसऱ्या दिवशी करा. उरलेली भज्जी तोवर चांगली मुरलेली असते, आणि कोण आलं, कोण नाही, कुणी किती आंबील प्याली, हे सांगायला त्यांनाही निवांतपणा असतो.