सामन्यामागे ५.७ गुण

प्रिय पोरी,

काल रात्री साडेअकराला आलेला तुझा मेसेज मी आज पहाटे वाचला. शिबिरात तुला सांगितलं गेलं, "तू बास्केट करायच्या फंदात पडू नकोस, समोरच्या टीमची ती उंच मुलगी सांभाळ, बाकी आम्ही बघतो." आणि खाली तू लिहिलंयस, "सर, म्हणजे मी टीममध्ये नुसती भर घालायला आहे." याचं उत्तर दोन ओळींत देणं मला जमणार नव्हतं, म्हणून हे पत्र.

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये खेळलेल्या बेन वॉलेसचं नाव तुला माहीत आहे, पण त्याची गोष्ट मी तुला कधी नीट सांगितलेली नाही. अलाबामातलं व्हाइट हॉल हे त्याचं गाव, अगदी लहान. अकरा भावंडं, त्यातला हा दहावा. थोरल्या भावांबरोबर खेळायला जायचा, पण त्याला पास कोण देणार? मग त्याच्या लक्षात आलं की बॉल हातात यायला हवा असेल तर तीनच वाटा आहेत: रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा उसळलेला बॉल, घ्यायचा, समोरच्याच्या हातातून काढून घ्यायचा, नाहीतर रेषेबाहेर चाललेल्या बॉलवर झेप घ्यायची. पुढे जगभर नावाजला गेलेला त्याचा सगळा खेळ मुळात एवढाच. मागितला तरी बॉल मिळत नाही म्हणून तो रुसून घरी बसला नाही, बॉल मिळवायचं दुसरं शास्त्र त्यानं शोधून काढलं.

शाळेत असताना चार्ल्स ओकलीच्या शिबिराला जायचं होतं. ओकली म्हणजे त्या काळातला न्यूयॉर्क निक्सचा दांडगा फॉरवर्ड. फी ५० डॉलर. घरात एवढे पैसे नव्हते. बेननं गावातल्या लोकांचे केस कापले, एका डोक्याला ३ डॉलर. हिशेब कर, सतरा डोकी. त्या शिबिरात ओकलीचं लक्ष त्याच्यावर गेलं आणि पुढे कॉलेजची वाट ओकलीनंच दाखवली: आधी क्लीव्हलँडचं दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज, मग व्हर्जिनिया युनियन. मोठ्या कॉलेजांच्या मांदियाळीत या कॉलेजांना कोणी मोजत नाही.

१९९६ चा ड्राफ्ट, म्हणजे एनबीएच्या टीम नवे खेळाडू निवडतात ती निवड. त्या वर्षी ५८ खेळाडू निवडले गेले. अॅलन आयव्हर्सन पहिला, कोबी ब्रायंट तेरावा, स्टीव्ह नॅश पंधरावा. बेन वॉलेस त्या ५८ जणांत कुठेच नव्हता. तू निदान राज्याच्या शिबिरात आहेस, हे लिहिताना मला तुला गप्प करायचं नाहीये. तुझं दुःख खरं आहे. फक्त त्याचं आणि तुझं दुःख एकाच जातीचं आहे, एवढं लक्षात असू दे. दोघांनाही कोणीतरी एका नजरेत मोजलं आणि आकडा लिहून मोकळं झालं.

निवड झाली नाही, तरी वॉशिंग्टनच्या टीमनं त्याला घेतलं, तिथून तो ऑरलँडोला गेला, आणि २००० च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइटला. तोही कसा? डेट्रॉइटचा लाडका ग्रँट हिल ऑरलँडोला निघाला होता, त्याच्या बदल्यात चकी अॅटकिन्स आणि हा. डेट्रॉइटच्या लोकांना वाटलं, सोनं देऊन पितळ घेतलं. हिलचा घोटा दुखावला आणि पहिल्या मोसमात तो जेमतेम ४ सामने खेळू शकला, बिचाऱ्याचा त्यात काही दोष नव्हता. इकडे पितळ मानलेल्या माणसानं २००२, २००३, २००५ आणि २००६ असं चार वेळा एनबीएतल्या सर्वोत्तम बचावपटूचं बक्षीस घेतलं. २००२-०३ च्या मोसमात सामन्यामागे १५.४ रिबाउंड. नोंदीत उंची सहा फूट नऊ इंच, म्हणजे सेंटरच्या, रिंगखाली खेळणाऱ्याच्या, मानानं बुटकाच. रिबाउंडला उंची लागते हे तू मला तीन वर्षं ऐकवते आहेस, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, तिथे येतो. २००४ ची एनबीए फायनल, म्हणजे चार सामने आधी जिंकेल त्याची मालिका. समोर लॉस एंजेलिस लेकर्स: शकील ओनील ऊर्फ शॅक, कोबी, शिवाय कार्ल मलोन आणि गॅरी पेटन. डेट्रॉइटमध्ये त्यांच्या तोडीचा नावाजलेला एकही नाही. शॅक सात फूट एक इंच आणि वजनानं डोंगर. तो रिंगखाली बॉल घेऊन उभा राहिला की जगातली प्रत्येक टीम त्याच्यावर दोघं धाडायची. दोघं गेले की बाहेर एक जण मोकळा सुटायचा, शॅक त्याला पास द्यायचा आणि बास्केट व्हायचीच. डेट्रॉइटचे प्रशिक्षक लॅरी ब्राउन यांनी बहुतेक वेळ उलटं केलं. शॅकला एकट्या बेननं अंगावर घ्यायचं, कधी टीममधल्याच रशीद वॉलेसनं. मदत मागायची नाही. बाकीच्यांनी आपापला माणूस सोडायचा नाही.

पहिल्या सामन्यात शॅकनं ३४ गुण केले. कोबीनं २५. लेकर्सचे एकूण ७५. आता वजाबाकी कर. बाकीच्या सगळ्या टीमचे मिळून १६! डेट्रॉइट ८७-७५ जिंकलं, तेही लेकर्सच्या कोर्टवर. चौथ्या सामन्यात शॅकनं ३६ गुण आणि २० रिबाउंड घेतले, तरी डेट्रॉइटच जिंकलं.

तू पहिल्या सामन्याचा गुणतक्ता हातात घेतलास तर काय म्हणशील? वॉलेसवर ३४ गुण झाले, वॉलेस हरला. साऱ्या जगासमोर त्याच्या डोक्यावरून एकामागून एक बास्केट होत होत्या आणि तो दर वेळी परत येऊन त्याच जागी, त्याच वाकलेल्या गुडघ्यांवर उभा राहत होता. मदतीला हाक मारली असती तर त्याचा आकडा सुधारला असता आणि टीम बुडाली असती. चार वेळा सर्वोत्तम बचावपटू होण्यापेक्षा मला हे मोठं वाटतं. मार खायचा, पण नेमका ठरवलेला मार, ठरवलेल्या जागी, आणि बाकीचे चौघं त्यामुळे मोकळे राहताहेत यावर विश्वास ठेवायचा. त्याच वेळी तिकडे टेशॉन प्रिन्स नावाचा काटकुळा लांब हातांचा पोरगा कोबीला सतावत होता. कोबीचे शंभरातले जेमतेम ३८ शॉट आत गेले. तिसऱ्या सामन्यात लेकर्सचे एकूण गुण ६८. पाचव्या सामन्यात, डेट्रॉइटच्या घरच्या कोर्टवर, बेननं १८ गुण आणि २२ रिबाउंड घेतले आणि मालिका ४-१ अशी संपली.

शिबिरात ती उंच मुलगी तुझ्यावर वीस गुण करेल. करू दे. तू रात्री मला मेसेज करशील तेव्हा तिचे वीस लिहू नकोस, तिच्या टीममधल्या बाकीच्या चौघींचे किती झाले ते लिही. आणि त्या विसांसाठी तिला किती शॉट मारावे लागले, तेही.

शिबिरातल्या त्या वाक्याच्या अर्ध्या भागाशी मी अजिबात सहमत नाही. "बास्केट करायच्या फंदात पडू नकोस" हा सल्ला मनावर घेऊ नकोस. बेन वॉलेसचे फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारे मोकळे शॉट, आयुष्यभरात शंभरात ४१ गेले. हजाराहून जास्त फ्री थ्रो मारलेल्यांत एनबीएच्या इतिहासात त्याच्याइतका कच्चा कोणीच नाही. शेवटच्या मिनिटांत समोरचे त्याला मुद्दाम फाउल करणार हे सगळ्यांना माहीत असायचं. मला तो कितीही आवडत असला तरी हे मी झाकून ठेवणार नाही. आणि आजचा खेळ त्याच्या वेळेपेक्षा निष्ठुर आहे. तुला शॉट नाही हे समोरच्या टीमला कळलं, की तुझ्यावरची मुलगी तुला सोडून रिंगखाली जाऊन उभी राहते आणि तुमच्या टीमला चौघींनी पाच जणींशी खेळावं लागतं. तेव्हा डिफेन्स ही तुझी ओळख असू दे, पण शूटिंग न शिकण्याची सबब होऊ देऊ नकोस. कोपऱ्यातला एक शॉट आणि फ्री थ्रो, एवढं तुला आलंच पाहिजे.

तुझ्या डिफेन्समध्ये काय कमी आहे तेही सांगतो, कारण कौतुकानं तुझं काही होणार नाही. तू बॉलकडे बघतेस. बॉल फसवतो, डोळे फसवतात, खांदे फसवतात. तिच्या कंबरेकडे बघ, कंबर जाईल तिकडेच ती जाणार. दुसरं, शॉट उडाला की तू मान वर करून बॉलच्या मागे धावतेस. आधी मागे वळ, तुझी पाठ तिच्या अंगाला टेकली पाहिजे, बूड खाली, कोपर रुंद, आणि मगच बॉल शोध. हेच बॉक्स आउट. तिसरं मला सगळ्यात जास्त खटकतं. तू बोलत नाहीस. रिंगखाली उभ्या असलेल्या मुलीला सगळं कोर्ट दिसतं, पुढच्या चौघींना पाठीमागचं काहीच दिसत नाही. "स्क्रीन उजवीकडून, वाट अडवतेय," "मी आहे, जा," "कटर, रिंगकडे घुसतेय" हे तू ओरडलं नाहीस तर कोण ओरडणार? वर्गात हळू बोलतेस ते ठीक. कोर्टवर आवाज पोटातून आला पाहिजे.

आणि राग. गेल्या वर्षी सांगलीच्या सामन्यात तू पंचांवर डाफरलीस ते मी विसरलेलो नाही. १९ नोव्हेंबर २००४ ला, सामन्याचा निकाल जवळजवळ लागलेला असताना, समोरच्या इंडियाना टीमच्या रॉन आर्टेस्टनं बेनला जोरात फाउल केलं आणि बेननं त्याला दोन्ही हातांनी ढकललं. पुढे प्रेक्षकांपर्यंत जी मारामारी पसरली ती एनबीएच्या इतिहासातल्या सर्वात लाजिरवाण्या प्रसंगांपैकी एक. बेनला सहा सामन्यांची बंदी. आर्टेस्टही साधासुधा नव्हता, त्याच वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू होता. दोघंही दिवसभर अंगावर मार झेलणारे. सहन करणं हाच ज्यांचा धंदा, त्यांच्या आत किती साठत असेल याचा विचार मी तेव्हापासून करतो. तुझ्यात काही साठलं तर मला सांगत जा. काल सांगितलंस ते बरंच केलंस.

२००६ मध्ये तो शिकागोला गेला, चार वर्षांचे ६ कोटी डॉलर. तिथे डोक्याला पट्टी बांधायला मनाई होती, त्यानं बांधली, प्रशिक्षकानं बाकावर बसवलं. दीड मोसमात तिथून निघाला. वय झालं होतं हे खरं, पण मला वाटतं त्याला सगळ्यात जास्त उणीव भासली ती डेट्रॉइटच्या त्या चौघांची: बिलप्स, हॅमिल्टन, प्रिन्स, रशीद. अखेरची वर्षं तो पुन्हा डेट्रॉइटलाच खेळला आणि २०१२ मध्ये थांबला. बास्केट एकट्यानं करता येते. डिफेन्सला पाच माणसं लागतात, म्हणून तुझ्या टीममधल्या मुलींशी तुझं पटणं हा सरावाचाच भाग समज.

आता एक गोष्ट जी मी कोणाला सांगितलेली नाही. खूप वर्षांपूर्वी, जिल्ह्याच्या एका फायनलनंतर, मला चार शब्द बोलायला सांगितलं. सर्वात जास्त गुण करणाऱ्या मुलीचं मी भरभरून कौतुक केलं. समोरच्या टीमच्या मुख्य खेळाडूला जिनं अख्ख्या सामन्यात सुखानं श्वास घेऊ दिला नव्हता, तिचं नावही माझ्या तोंडून निघालं नाही. ती टाळ्या वाजवत उभी होती. पुढच्या मोसमात ती आली नाही. मी निरोप पाठवला, "अभ्यास आहे" एवढंच उत्तर आलं. कदाचित अभ्यासच असेल. पण ती टाळ्या वाजवतानाची अजून माझ्या डोळ्यांपुढे येते, आणि म्हणून तुझा मेसेज वाचून मला चहा गोड लागला नाही.

मोजणारे चुकतात, पोरी. एनबीएतला जुना दिग्गज बचावपटू बिल रसेल, त्यानं १३ मोसमांत ११ अजिंक्यपदं मिळवली आणि त्यानं किती शॉट अडवले याची अधिकृत नोंदच नाही. एनबीएनं ब्लॉक मोजायला सुरुवात केली १९७३-७४ मध्ये, तो निवृत्त झाला १९६९ मध्ये. वॉलेसची सरासरी बघ: सामन्यामागे ५.७ गुण. ड्राफ्टमध्ये निवड न झालेला हा माणूस २०२१ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलच्या थोरांच्या यादीत, गेला. डेट्रॉइटनं त्याचा ३ नंबरचा शर्ट त्याआधीच, २०१६ मध्ये, छताला टांगला होता. मोजणाऱ्यांना उशीर झाला, पण डेट्रॉइटच्या प्रेक्षकांनी पितळ म्हणणं सोडून त्याला कधीच बरोबर मोजलं होतं. त्यानं शॉट अडवला की तिथे मोठ्या घंटेचा टोल घुमायचा आणि लोक त्याच्या केसांसारखे फुगीर टोप घालून यायचे. बास्केट न करणाऱ्या माणसासाठी.

शिबिर शनिवारी संपतंय ना? तोवर माझं एक काम कर. २००४ च्या फायनलचा पहिला सामना मिळव आणि तिसरा क्वार्टर बघ. बॉलकडे बघायचं नाही, फक्त ३ नंबरच्या पायांकडे. प्रत्येक वेळी शॅकला बॉल मिळायच्या आधी तो कुठे उभा आहे, ते वहीत काढ. सोबत त्या उंच मुलीचंही लिहून आण: ती कुठल्या हातानं ड्रिबल सुरू करते, दमली की काय करते, कोणाच्या पासची वाट बघते.

रविवारी सहा वाजता कोर्टवर ये. आधी शंभर फ्री थ्रो, मग वही बघू. आईला सांग, नाश्ता आमच्याकडे आहे.

तुझे,
सर