स्लॅब बदलायचा की चौकीच पाडायची?

प्रश्न : नमस्कार साहेब. मी वरळीला सफाई खात्यात मुकादम आहे. समुद्रापासून पाच मिनिटांवर आमची हजेरी चौकी आहे, १९७९ साली बांधलेली. सकाळी साडेसहाला चाळीस माणसं इथे हजेरी लावतात, त्यात चौदा बाया. गेल्या महिन्यात स्लॅबचा ढलपा थेट हजेरीच्या टेबलावर पडला. पाच वर्षांत दोनदा डागडुजी झाली. माणसं म्हणतात, दुरुस्तीच मागा, पाडली तर चौकी परत मिळणार नाही. काय करावं? फोटो सोबत आहेत.
– एक मुकादम, वरळी

उत्तर : मुकादम, आधी टेबल बाहेर काढा. उद्याची हजेरी त्या स्लॅबखाली घेऊ नका आणि खात्याकडे आजच टेकू मागा.

तुमचा दुसरा फोटो मी मोठा करून पाहिला. ढलपा पडला तो मागच्या डागडुजीच्या अगदी कडेला. खारं काँक्रीट जागेवर ठेवून मध्येच नवं ठिगळ लावलं, की ठिगळाच्या आतली सळई वाचते आणि कडेची जास्त वेगाने गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट फुटतं. तिसऱ्यांदा तसाच गिलावा केलात तर पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा ढलपे पडतील. त्या सळयांचे पापुद्रे सुटलेत. हा स्लॅब गेला असंच मी धरतो.

पण निर्णय स्लॅबवर नाही, खांबांवर आहे. खांब चांगले असतील तर जुना स्लॅब उतरवून नवा घालता येतो. झाडू आणि गाड्या धुता त्या कोपऱ्यातला खांब बघा. त्याचा पाय रोज ओला राहतो आणि फोटोत तिथे सळईच्या रेषेत उभी चीर दिसते आहे. छोट्या हातोडीने अलगद ठोका. खणखणीत आवाज आला तर बरं, बद्द आला तर आतून काँक्रीट सुटलंय.

तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, मुंबईत कायद्यानेच लागतं, ते लेखी मागा. तपासणीला माणूस आला की खांबाच्या ताज्या फुटीवर फिनॉल्फ्थेलिन हे रंग बदलणारं रसायन मारायला सांगा. गुलाबी झालं तर काँक्रीटमध्ये सळईला गंजापासून वाचवणारी अल्कली अजून आहे. रंगच आला नाही तर सळईचं ते संरक्षण संपलं. मात्र समुद्राकाठी गुलाबी काँक्रीटमध्येही मिठामुळे सळई गंजते, म्हणून क्लोराइडची, म्हणजे मिठाच्या प्रमाणाची, चाचणीही हवी. अहवालात इमारतीला धोक्याचा वर्ग देतात. सी-१, म्हणजे अतिधोकादायक, आलं तर पाडणं अटळ. सी-२अ म्हणजे जागा पूर्ण किंवा काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. तेव्हा माझा ठोकताळा असा : दुरुस्तीचा खर्च नव्या बांधकामाच्या निम्म्यावर गेला तर नवीन बांधा. दोन खांब बद्द निघाले तर मी पाडाच म्हणेन.

तुमच्या माणसांची भीती मात्र खरी आहे. नोकरीत असताना पूर्व उपनगरातली अशीच एक चौकी पाडलेली मी पाहिली. तिथल्या बायांनी दोन पावसाळे ताडपत्रीच्या आडोशाला कपडे बदलले. त्या फायलीवर माझीही सही होती आणि पर्यायी जागेबद्दल मी तेव्हा एक शब्द लिहिला नाही. तुम्ही लिहून घ्या : चालत जाता येईल अशी तात्पुरती चौकी, बायांसाठी वेगळी खोली आणि संडास, नव्या कामाच्या मंजुरीचा क्रमांक. हे हातात येईपर्यंत आत कोणाला बसू देऊ नका, पण पाडूही देऊ नका.

चौथ्या खांबाचा फोटो आलेला नाही, त्याच्यापुढे कपाट दिसतं आहे. ते सरकवून पायाचा फोटो पाठवा.