इंग्लंडमध्ये एकट्या राहणाऱ्या वृद्धाची पिळवणूक होत असल्याचा संशय आहे. कौन्सिल, पोलीस, डॉक्टर यांपैकी जबाबदारी कोणाची?

चौकशीची कायदेशीर जबाबदारी स्थानिक कौन्सिलची (आपल्याकडच्या नगरपालिकेसारख्या संस्थेची) आहे, त्यामुळे तिथल्या ॲडल्ट सोशल केअर, म्हणजे प्रौढांच्या देखभालीच्या विभागाला कळवा. जीव धोक्यात असेल तर आधी ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर फोन. केअर ॲक्ट २०१४ च्या कलम ४२ नुसार वाजवी संशय पुरतो, पुरावा तुम्ही गोळा करायचा नाही. त्या व्यक्तीला देखभालीची गरज असावी, तिचा छळ किंवा हेळसांड होत असावी किंवा तसा धोका असावा, आणि त्या गरजेमुळेच तिला स्वतःचा बचाव करता येत नसावा. कळवताना पाहिलेलं तारखेसह सांगा. ‘भाचा बँकेचं कार्ड घेऊन जातो, फ्रिज रिकामा असतो’ हे ‘काहीतरी गडबड आहे’ यापेक्षा कितीतरी कामाचं. पुढे कौन्सिल पोलीस, डॉक्टर, नर्स यांच्याकडची माहिती एकत्र आणते. घोडं बहुतेक इथंच अडतं: नर्सला वळ दिसलेले असतात, घरमालक संस्थेला थकलेलं भाडं ठाऊक असतं, पण गोपनीयतेच्या भीतीने कोणीच बोलत नाही. खरं तर संरक्षणासाठी आवश्यक तेवढी माहिती देण्याची मुभा डेटा संरक्षण कायद्यातच आहे. मात्र परिणाम समजून घेऊन त्या व्यक्तीने स्वतः मदत नाकारली, तर सहसा तिचाच शब्द चालतो. इतरांना धोका असेल किंवा ती कोणाच्या दबावाखाली नकार देत असेल, तर गोष्ट वेगळी; म्हणून तिच्याशी एकटीशी बोलावं, असा आग्रह जरूर धरा.