कामगारांचा वेग वाढवण्याआधी यंत्रे का थांबतात ते लिहून काढावे

आपल्या प्रश्नाचा आशय मला असा समजला : साठेक माणसांचा यंत्रभाग बनवण्याचा कारखाना आहे, ऑर्डर पुरेशा आहेत, तरी माल वेळेवर निघत नाही. उत्पादनावर आधारित भत्ता सुरू करून पाहिला, आता शॉप फ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादनाच्या जागेत, कॅमेरे बसवण्याचा विचार आहे, आणि कामगारांकडून अधिक काम कसे करून घ्यावे हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील लहान आणि मध्यम इंजिनीअरिंग कारखान्यांत वीसहून अधिक वर्षे उत्पादन विभाग सांभाळला. ऑपरेटर म्हणून सुरुवात केली, पुढे सुपरवायझर झालो आणि नंतर विभागाची जबाबदारी आली. त्या अनुभवाच्या आधारे आपल्याला कळकळीने सांगतो की कामगार किती वेगाने हात चालवतो हे मोजू लागण्याआधी, त्याचे यंत्र दिवसात किती वेळ आणि कशासाठी थांबून राहते हे मोजावे. आपल्या ज्या अडचणी आपण कामगारांच्या नावे मांडल्या आहेत, त्यांतील बहुतेकांचे मूळ त्याच्या हाताबाहेरच्या गोष्टींत सापडेल, अशी माझी खात्री आहे.

माझ्या एका कारखान्यात सीएनसी लेथचा (संगणकाच्या आज्ञेने धातू कातणाऱ्या यंत्रांचा) विभाग सतत मागे पडत असे आणि मालकांचे मत असे होते की रात्रपाळीचे लोक काम करत नाहीत. आम्ही प्रत्येक यंत्राला एक साधी वही लावली आणि ऑपरेटरला सांगितले की यंत्र पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबले तर वेळ आणि कारण लिहायचे; या वहीवरून कोणालाही जाब विचारला जाणार नाही, असा शब्दही दिला. पहिले तीन-चार दिवस कोणी काही लिहिले नाही. शब्द पाळला जातो आहे हे दिसल्यावर मात्र वह्या भरू लागल्या आणि पंधरवड्यात चित्र स्पष्ट झाले. सेटिंग, म्हणजे नव्या कामासाठी यंत्राची जुळणी, झाल्यावर पहिला पीस तपासून मंजूर होईपर्यंत यंत्र उभे राहत होते, कारण दोन विभागांना मिळून एकच इन्स्पेक्टर होता आणि बोअर गेजचा (छिद्राचा व्यास मोजण्याच्या साधनाचा) एकच संच होता. रात्री इन्सर्ट (टूलच्या टोकाला बसवायचा बदलता येणारा कापणारा तुकडा) तुटला की नवा मिळत नव्हता, कारण स्टोअरची किल्ली संध्याकाळी सहाला घरी जात होती. म्हणजे ज्या रात्रपाळीला आळशी ठरवले होते, ती किल्लीची वाट पाहत बसलेली होती. हे वाचून मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः येऊन रात्रपाळीच्या सुपरवायझरकडे एक कपाट आणि त्याची किल्ली सोपवली. इतक्या वर्षांत त्या विभागात मी पाहिलेला सर्वांत उपयोगी निर्णय तोच होता.

हे केवळ माझ्या एका कारखान्यापुरते खरे नाही, आणि याचा पुरावा आपल्याच राज्यातून मिळालेला आहे. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी तारापूर आणि शेजारच्या गुजरातमधील उंबरगाव येथील १७ कंपन्यांच्या २८ कापड कारखान्यांत एक प्रयोग केला, ज्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. काही कारखान्यांना सल्लागारांनी महिनाभर पाहणी करून फक्त निदान सांगितले, तर इतरांना त्यापुढे चार महिने ३८ पद्धती प्रत्यक्ष बसवून दिल्या. त्या पद्धतींत विलक्षण काही नव्हते : यंत्रांची ठरलेल्या दिवशी देखभाल, बिघाडांची आणि दोषांची रोजची नोंद, त्या नोंदींवर रोज छोटी बैठक, सुताच्या साठ्याला लेबल आणि मोजदाद, चांगल्या कामाला ठरलेले बक्षीस. पहिल्याच वर्षी त्या कारखान्यांची उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. या पद्धती आधीच का स्वीकारल्या नव्हत्या, याचे कारण मला फार महत्त्वाचे वाटते. अनेक मालकांना आपल्याकडे काही कमी आहे हेच माहीत नव्हते. शेजारच्या कारखान्याइतकाच माल खराब होतो म्हणजे आपले ठीक चालले आहे, असे ते समजत होते. नोंद नसल्यावर नुकसान डोळ्यांना दिसत नाही, हे मी स्वतःही अनुभवले आहे.

आपण लिहिले आहे की आपल्याकडे लहान लहान संख्येचे अनेक जॉब, म्हणजे वेगवेगळ्या भागांची कामे, असतात. तसे असेल तर आपला सर्वाधिक वेळ सेटिंगमध्ये जात असणार, आणि याबाबत जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांची पद्धत आजही तितकीच लागू पडते. टोयोटाच्या कारखान्यात १९६९ मध्ये १००० टनी प्रेसची डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला चार तास लागत. शिंगो यांनी तो वेळ प्रथम दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणून दाखवला. त्यामागचा विचार असा की यंत्र बंद असतानाच करावी लागणारी कामे वेगळी काढावीत आणि यंत्र चालू असताना आधी उरकता येणारी कामे आधीच उरकावीत. आपल्या भाषेत सांगायचे तर पुढच्या जॉबचे ड्रॉइंग, जॉज (भाग घट्ट पकडणारे जबडे), टूल, इन्सर्ट आणि गेज हे सगळे एका ट्रॉलीवर, चालू जॉबचा शेवटचा पीस निघण्यापूर्वी यंत्रापाशी हजर असले पाहिजे. सेटरने यंत्र थांबवून मग ॲलन की शोधत फिरणे हे ज्या कारखान्यात रोज घडते, तिथे कोणताही भत्ता कामाला येत नाही. तीन मिनिटांचे स्वप्न आपण पाहू नये. परंतु एकदा सेटिंगचे मोबाइलवर चित्रीकरण करून ते सेटरसोबत बसून पाहिले, तर निम्मी धावपळ टाळता येते हे तो स्वतःच आपल्याला दाखवून देईल.

भत्त्याबद्दल थोडक्यात. फक्त नगांवर भत्ता दिला की नग वाढतात आणि रिजेक्शन (नाकारलेला माल) व रीवर्कही (दुरुस्तीसाठी परत येणारे कामही) वाढते, शिवाय अवघड जॉब घ्यायला कोणी पुढे येत नाही. भत्ता ठेवायचाच असेल तर तो मंजूर झालेल्या नगांवर आणि संपूर्ण सेलला, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या यंत्रांच्या गटाला, मिळून ठेवावा, आणि यंत्र थांबण्याची कारणे दूर केल्यानंतरच ठेवावा. कारण माल किंवा टूल नसल्यामुळे बुडालेला भत्ता कामगाराला आपल्या पगारातील कपातीसारखाच लागतो.

आता ज्या गोष्टीबद्दल मालक मंडळींना सांगणे मला नेहमी जड गेले आहे, ती सांगतो. आपल्या लिहिण्यावरून असे दिसते की खरेदी, जॉबचा क्रम, रजा आणि जादा कामाची परवानगी, या सर्वांसाठी आपली किंवा आपल्या भावांची सही लागते. तारापूरच्या अभ्यासातही असेच आढळले होते की कंपनी किती मोठी होऊ शकते हे घरात कारभार पाहणारे पुरुष किती आहेत यावर बरेचसे अवलंबून होते, कारण बाहेरच्या व्यवस्थापकावर निर्णय सोपवले जात नव्हते. आपल्या सुपरवायझरला एका ठरावीक रकमेपर्यंत टूल मागवण्याचा, जॉबचा क्रम बदलण्याचा आणि खराब माल निघत असल्यास यंत्र थांबवण्याचा अधिकार द्यावा. त्याच्याकडून एखादी चूक होईल. परंतु आपल्या फोनची वाट पाहत थांबलेल्या यंत्राचा खर्च, आणि महिनाअखेरीस दुप्पट दराने द्याव्या लागणाऱ्या जादा तासांचा खर्च, त्या चुकीहून बराच मोठा असतो.

हे टिकेल का, अशी शंका आपल्या मनात येईल आणि ती योग्य आहे. त्याच संशोधकांनी काही वर्षांनी त्या कापड कारखान्यांत पुन्हा जाऊन पाहिले, तेव्हा बसवून दिलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या सुटल्या होत्या, तरीही ज्यांना ती मदत मिळाली नव्हती त्या कारखान्यांपेक्षा ते स्पष्टपणे पुढे होते. पद्धती सुटण्याची कारणे म्हणून व्यवस्थापक बदलणे आणि संचालकांना वेळ नसणे या गोष्टी पुढे आल्या. म्हणून रोज सकाळी पाळी सुरू झाल्यावर दहा मिनिटे फ्लोअरवरच उभ्याने बैठक घ्यावी, कालच्या वहीतील सर्वांत मोठे एकच कारण निवडावे, ते कोण आणि कधीपर्यंत दूर करणार हे फळ्यावर लिहावे, आणि निदान पहिले तीन महिने त्या बैठकीला आपण स्वतः हजर राहावे. फळ्यावर आपले नाव आले, तर आपले काम सर्वांत आधी झालेले कामगारांना दिसले पाहिजे.

कॅमेऱ्यांचा निर्णय तूर्त पुढे ढकलावा, अशी माझी विनंती आहे. ज्या ऑपरेटरला वहीत खरे कारण लिहायचे आहे, त्याच्या डोक्यावर त्याच आठवड्यात कॅमेरा बसला तर वही कोरीच राहील. त्यासाठी बाजूला काढलेल्या पैशांतून गेजचा दुसरा संच घ्यावा आणि रात्रपाळीसाठी इन्सर्टचे एक कपाट करावे.